सूर्य माघारी वळतो ती सकाळ

मुंबई-पुण्याची माणसं आमच्या किनाऱ्यावर येतात ती सूर्यास्त बघायला. अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड, दिवेआगर, सगळीकडे संध्याकाळी वाळूवर ही गर्दी. सकाळच्या सूर्याकडे मात्र सगळ्यांची पाठ. त्यात त्यांचा दोष काही नाही. आमचा समुद्र पश्चिमेला, आणि सूर्य उगवतो मागच्या डोंगरातून. पण शेतकऱ्याचं काम पडतं ते या मागच्या सूर्याशीच. बुडणारा सूर्य दिवस संपला एवढं सांगतो. उगवणारा सूर्य वर्षाचं कितवं पान चालू आहे ते सांगतो.

आमचा आजा शाळेत गेला नव्हता. खळ्यावर एक ठरलेला दगड होता, त्याच्याशी उभा राहून तो डोंगराकडे बघायचा. डोंगराच्या माथ्यावर त्याच्या तीन खुणा होत्या. उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला, एक सुळका. मधे खिंड. डावीकडे, उत्तरेला, एक लांब उतार. डिसेंबरच्या थंडीत सूर्य सुळक्यापाशी उगवायचा, मार्च आणि सप्टेंबरात खिंडीतून, आणि जूनात उतारावरून. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशातले साधारण दहा अंश झाकते. आमच्या किनाऱ्यावर सुळक्यापासून उतारापर्यंतचं अंतर भरतं पाच मुठी, म्हणजे पन्नास अंश. एवढ्याच पट्ट्यात सूर्य वर्षभर येरझारा घालतो.

या येरझाऱ्यांचा वेग सारखा नसतो. मार्चमध्ये सूर्य रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. आज झाडाच्या या बाजूला, तर परवा त्या बाजूला. जूनात तो मंदावतो. १५ जूनपासून २७ जूनपर्यंत तर तो हललाय हे डोळ्याला कळतही नाही. दमलेला बैल नांगर वळवायच्या आधी क्षणभर थांबतो, तसा तो थांबतो आणि मग माघारी निघतो. यालाच पंचांगवाले दक्षिणायन म्हणतात. २१ जून हा त्याचा मधला दिवस, वर्षातला सर्वांत मोठा. त्या दिवशी अलिबागेला उजेड सुमारे सव्वातेरा तास असतो. डिसेंबरातल्या लहान दिवशी तो अकरा तासांवर येतो.

अडचण एकच. त्या दिवशी सूर्य दिसत नाही. तोवर पाऊस कोकणात शिरलेला असतो, डोंगर ढगात, आणि माणसं इरली-ताडपत्र्या घेऊन राबात. गेली चाळीस वर्षं मी त्या दिवशी पहाटे खळ्यावर जातो. स्वच्छ उगवलेला सूर्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा दिसला. इंग्लंडात स्टोनहेंज म्हणून प्रचंड दगडांचं एक पुरातन वर्तुळ आहे. त्याची मांडणीच या सकाळच्या सूर्याकडे तोंड करून केलेली आहे, आणि आजही माणसं त्या पहाटे तिथे जमतात. आपल्याकडे उत्तरायणाला तिळगूळ वाटतात, दक्षिणायनाला कोणी बोटभर गूळ वाटत नाही. मला वाटतं याचं अर्धं कारण पाऊस असावा.

मग दिसत नसलेला दिवस कळायचा कसा? त्याचं उत्तर आमच्याच किनाऱ्यावरच्या एका गावाने दिलंय. मुरुड तालुक्यात, समुद्र आणि फणसाडचं रान यांच्यामधे नांदगाव आहे. पाचशे वर्षांपूर्वी तिथे केशव दैवज्ञ राहत. ग्रह स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आणि जुनं गणित त्याच्याशी ताडून बघायचं, असा त्यांचा रिवाज. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ. शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, हे आरंभवर्ष धरून त्यांनी 'ग्रहलाघव' हा ग्रंथ लिहिला. त्याआधी पंचांग करायचं तर ज्या-चापाचं, म्हणजे कोनांच्या कोष्टकांचं, किचकट गणित लागे. गणेश दैवज्ञांनी ते काढून टाकलं आणि साध्या गुणाकार-भागाकारावर सगळं बसवलं. पुढे शेकडो वर्षं महाराष्ट्र-गुजरातेतली पंचांगं या ग्रंथावरून होत राहिली.

त्यातला दिवसाच्या लांबीचा नियम मी स्वतः करून बघितलाय. माझ्यासारख्या दहावी झालेल्या माणसाला तो पुरतो. बारा अंगुळांची एक सरळ काठी सपाट जमिनीत रोवायची. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी भर मध्यान्हीला तिची सावली मोजायची. या सावलीला पलभा म्हणतात. नांदगावच्या अक्षांशावर ती भरते चार अंगुळं. हा चारचा आकडा तीनदा मांडायचा. पहिल्याला दहाने गुणायचं, आले ४०. दुसऱ्याला आठने, आले ३२. तिसऱ्याला दहाने गुणून तिनाने भागायचं, आले सव्वातेरा आणि थोडं वर. बेरीज झाली ८५ पळं. एक पळ म्हणजे २४ सेकंद, तेव्हा ही झाली ३४ मिनिटं. सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहाच्या ठोक्याआधी एवढा लवकर वर येतो आणि तेवढाच उशिरा बुडतो, असा त्याचा अर्थ. घड्याळात दिसणारी वेळ भारताच्या प्रमाणवेळेमुळे निराळी येते, पण दिवसाची लांबी तीच राहते. बारा तासांत दोन्हीकडची चौतीस-चौतीस मिनिटं मिळवली की तेरा तास आठ मिनिटं. आजच्या तक्त्यापेक्षा पाचसहा मिनिटंच कमी. तोही फरक चुकीचा नाही. आजचे तक्ते सूर्याची पहिली कड दिसली की दिवस मोजतात आणि हवेमुळे प्रकाश वाकतो तेही धरतात. जुनं गणित सूर्याच्या मध्यावर चालतं. एक काठी आणि चार अंगुळं सावली एवढ्या भांडवलावर, ढगाआडच्या दिवसाची लांबी पाचशे वर्षांपूर्वी नांदगावात काढता येत होती.

सावलीची आणखी एक गंमत आमच्याकडे आहे. मेच्या मध्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली पायात गडप होते. जुलैच्या अखेरीस पुन्हा तसंच. मधल्या काळात सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून दुपारची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला ढग फाटलेच तर अलिबागेत दहा फुटी बांबूची सावली जेमतेम दहा इंच, आणि तीही दक्षिणेकडे! पुण्या-मुंबईतही असंच होतं, पण वर बघायला तिथे कोणाला सवड?

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. आपण पाऊस नक्षत्रांवर मोजतो. मृग, आर्द्रा, मग तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य, मग आश्लेषा. ही नक्षत्रं ठरलेल्या तारखांना लागतात असं आपण समजतो. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ ला. पण वेदांग ज्योतिष या अतिप्राचीन ग्रंथात दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यावर सुरू होतं असं दिलंय. सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहून ठेवलं की पूर्वी ते आश्लेषात होत असे, आता पुनर्वसूत होतं. गणेश दैवज्ञांनी यासाठीही सोपा हिशेब दिला. शकातून ४४४ वजा करा आणि साठाने भागा, की आलं तारे आणि ऋतू यांच्यातलं अंतर अंशांमधे. त्यांच्या शके १४४२ ला ते येतं १६ अंश ३८ कला. त्यावरून बघितलं तर त्यांच्या वेळी सूर्य माघारी वळत होता आर्द्राच्या बरोबर मध्यावर. आज तो मृगाच्या शेवटी वळतो, आर्द्रा लागायच्या तोंडावर. म्हणजे सर्वांत मोठा दिवस आश्लेषातून पुष्य, पुनर्वसू, आर्द्रा असा एकेक नक्षत्र मागे येत मृगात येऊन पोचलाय.

हे पृथ्वीच्या आसाच्या मंद गिरकीमुळे होतं. साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. एका माणसाच्या जन्मात एक दिवस, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. पण पाचशे वर्षांत तो एक आठवडा होतो. गणेश दैवज्ञांच्या काळी सूर्य मृगात शिरायचा तो आजच्या कॅलेंडरच्या १ जूनच्या आसपास. आणखी पाचशे वर्षांनी मृग १५ जूनला लागेल. पावसाला याची खबर नसते. तो सूर्याच्या तापावर, समुद्रावर आणि वाऱ्यावर चालतो. मग "मृगात पेर" हे पणज्याचं वाक्य पणतूने तसंच्या तसं धरलं, तर त्यातला ऋतू हळूहळू निसटून जाणार. राबातलं रोप एक आठवडा पुढेमागे झालं तर काय होतं, ते लावणीला चिखलात उभं राहणाऱ्याला सांगायला नको.

तारखांचं असं आणखी एक उदाहरण रायगडावरच आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. जेधे शकावलीतली नोंद अशी की तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं. आपला पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, म्हणून शकावलीत ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार आहे. तासाभराने उजाडलं आणि शनिवार, त्रयोदशी झाली. त्याच सकाळी इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन दरबारात हजर झाला. तो मुंबईहून चौलच्या वाटेनेच आला होता. त्याच्या कागदात तारीख पडली ६ जून. पण खाली रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज होते, आणि पोपने १५८२ साली सुधारलेलं कॅलेंडर त्यांनी घेतलेलं होतं. त्यांच्या लेखी तो दिवस १६ जून. इंग्रजांनी ती सुधारणा १७५२ साली स्वीकारली. तेव्हा मुंबईत ६ जून, रेवदंड्यात १६ जून आणि गडावर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, अशा एकाच सकाळच्या तीन तारखा झाल्या.

सूर्य मात्र एकच होता. आजच्या हिशेबाने ती १६ जूनची सकाळ, म्हणजे सर्वांत मोठ्या दिवसाच्या पाच दिवस आधीची. तेव्हा सूर्य वळणावर येऊन थांबलेला असणार. आज ६ जूनला आपण गडावर जमतो, तेव्हा तो त्या जागेपासून सुमारे दीड सूर्य दक्षिणेला उगवतो. १६ पासून पुढच्या दहा-बारा दिवसांत गडावर उभं राहिलं आणि ढगांनी कृपा केली, तर राज्याभिषेकाच्या सकाळी तो जिथून वर आला जवळपास तिथूनच येताना दिसेल. मी तिथीवाल्यांच्या आणि तारखेवाल्यांच्या वादात पडत नाही. डोंगराची कड साडेतीनशे वर्षांत हललेली नाही, एवढंच माझं म्हणणं.

स्वतंत्र भारतातही हा घोळ निस्तरायचा यत्न झाला. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय कॅलेंडर चालू झालं. त्यात महिने ऋतूंना बांधलेत. चैत्राची सुरुवात दिवस-रात्र समान होतात त्याच्या लगोलग, आणि आषाढाची १ तारीख येते २२ जूनला, सूर्य माघारी वळला की दुसऱ्या दिवशी. सरकारी कागदावर ही तारीख छापलेली असते, पण गावात ती कोणी वापरत नाही. आमच्याकडे आषाढ म्हणजे एकादशीचाच.

कॅलेंडरं येतील आणि बदलतील. मला काळजी आहे ती खुणांची. आमच्या भागात डोंगर मुरुमासाठी पोखरले जातात. वाड्या विकल्या जातात, नारळी-पोफळीच्या जागी बंगल्यांच्या भिंती उठतात, आणि खळ्यावरून दिसणारी डोंगराची कड दर वर्षी थोडी झाकली जाते. आज्याच्या तीन खुणांपैकी सुळका अजून आहे, खिंड आहे. उताराच्या पायथ्याशी मात्र खोदकाम लागलंय. गड-किल्ल्यांना पुरातत्त्व खात्याचा फलक तरी असतो. सूर्य जिथे वळतो त्या उताराची नोंद कुठल्याच सातबाऱ्यावर नाही.

म्हणून प्रत्येकाने आपली खूण आपणच करून ठेवावी. अंगणात, गच्चीत, बांधावर, कुठेही एक जागा पक्की करा आणि दर वेळी तिथूनच बघा. सूर्य कुठून आला ते डोंगराचं किंवा समोरच्या इमारतीचं साधं चित्र काढून त्यावर तारखेनिशी लिहा. २१-२२ मेला जिथून उगवेल, तिथेच तो २१-२२ जुलैला परत येईल. दोन्हींच्या मधे त्याचं वळण. आणि २१ जूनला ढग आले म्हणून हिरमुसायचं कारण नाही. १५ ते २७ जून तो जवळजवळ एकाच जागी असतो. तेरा सकाळी हातात आहेत, आणि तेरांत एखादी तरी उघडी मिळते. लावणीला जायच्या आधी पाच मिनिटं काढली तरी पुरे. सोबत घरातलं एखादं पोर घ्या. त्याला जागा दाखवा आणि डिसेंबरात पुन्हा तिथेच उभं करा. पाच मुठी मोजायला त्याला फार शिकावं लागणार नाही.