निशाणावरील क्रूस

निशाणावरील चिन्हाचा अर्थ केवळ त्याच्या आकारात नसतो; ते कोणी, कोठे आणि कशासाठी उभारले, यावर तो ठरतो. क्रूस हे याचे ठळक उदाहरण होय. ख्रिस्ती श्रद्धेला तो येशूच्या बलिदानाची खूण वाटतो; युरोपीय कुलचिन्हविद्येत तो ढालीचे चार भाग पाडणारा, दुरून ओळखू येणारा आकार आहे. धर्मयुद्धांच्या काळात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले.

हे मिश्रण आपल्या पश्चिम किनाऱ्याने जवळून पाहिले. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या १३१९ साली स्थापन झालेल्या लष्करी धर्मसंघाचा तांबडा क्रूस असे. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या सत्तेच्या लेखी राज्यविस्तार आणि धर्मप्रसार या वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

इंग्रजांचा सेंट जॉर्जचा क्रूसही मूळचा संताच्या नावाचा. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या आरमाराने पांढऱ्या निशाणावर तो ठळकपणे घेतला, तो फ्रेंचांच्या पांढऱ्या निशाणाशी गल्लत होऊ नये म्हणून. श्रद्धेची खूण येथे ओळखीची खूण झाली.

हाच क्रूस भारतीय नौदलाकडे वारशाने आला. २६ जानेवारी १९५० रोजी निशाणाच्या कोपऱ्यातील युनियन जॅकची जागा तिरंग्याने घेतली. क्रूस मात्र राहिला. १५ ऑगस्ट २००१ रोजी तो काढून नौदलाचे निळे बोधचिन्ह घालण्यात आले. पण ती निळाई आकाशात व समुद्रात मिसळून जाते, अशी तक्रार झाली आणि २००४ मध्ये क्रूस परतला, मध्यभागी राजमुद्रा धारण करून. ज्या कारणाने इंग्रजांनी तो स्वीकारला होता, जवळजवळ त्याच कारणाने तो परत आला, हे लक्षणीय आहे.

अखेर २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नव्या निशाणाचे अनावरण झाले. क्रूस गेला आणि शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. पत्रांवर उमटणारी मुद्रा अशी समुद्रावर फडकू लागली.

या बदलाने कोणाची श्रद्धा उणावली नाही. गोव्यातील वा वसईतील चर्चच्या शिखरावरचा क्रूस भक्ताचा आहे. निशाणावरून उतरला तो एका राजसत्तेचा. आकार एकच असला, तरी हा भेद विसरल्यास इतिहासावर आणि श्रद्धेवर, दोहोंवर अन्याय होतो.