बिऱ्हाड हलल्यावर मताचं काय?

1948 साली स्वतंत्र भारताची पहिली मतदार यादी घरोघरी फिरून तयार होऊ लागली, तेव्हा राज्यघटना अजून मसुद्यातच होती. नाव चढवायला अट होती ती वास्तव्याची : 31 मार्च 1948 ला संपणाऱ्या वर्षात त्या ठिकाणी निदान 180 दिवस राहिलेलं असावं. एरवी ही अट कोणाला खटकली नसती. पण फाळणीनं लाखो माणसं घरदार सोडून आली होती. कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं बराकींमध्ये दाटीवाटीनं राहत होती. या वस्तीला 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. अशा माणसांनी 180 दिवसांचा पत्ता आणायचा कुठून?

आसामात तर फिरत्या, कायम न राहणाऱ्या लोकांची नावं घेऊच नयेत, असा आदेश निघाला होता. निर्वासितांच्या संघटनांनी संविधान सभेच्या सचिवालयाकडे पत्रांमागून पत्रं धाडली. अखेर निर्णय झाला : ‘इथेच कायम राहण्याचा माझा इरादा आहे’ एवढं निवेदन पुरे, दिवस मोजायचे नाहीत. ज्यांच्या हातात एकही कागद उरला नव्हता, त्यांच्या शब्दावर नव्या राष्ट्रानं विश्वास ठेवला. आपल्या लोकशाहीतलं हे फार मोठं पाऊल होतं, आणि त्याची आठवण फारच कमी निघते.

1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानंही माणूस राहतो कुठे, हेच पाहिलं. नुसतं घर नावावर असल्यानं कोणी तिथला रहिवासी ठरत नाही आणि काही काळ बाहेर गेल्यानं रहिवास सुटत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमाराला बीडहून कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोड मजुराचं नाव गावच्याच यादीत राहतं. उलट कोकणात वडिलोपार्जित घर असलेला, पण वर्षभर गिरणगावातल्या चाळीत राहणारा कामगार कायद्यानं मुंबईचा मतदार. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं, तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

नाव हलवायचं मात्र मतदारानंच. पूर्वी त्याच मतदारसंघात घर बदललं तर नमुना 8अ, दुसऱ्या मतदारसंघात गेलं तर नव्या मतदारासारखा नमुना 6 भरावा लागे. 1 ऑगस्ट 2022 पासून दोन्हींसाठी एकच नमुना 8 आहे. सोय झाली, पण पत्त्याच्या पुराव्यापाशी भाडेकरू अजून अडतो. वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं आणि भाडेकरार नोंदणीकृत लागतो. तो करून द्यायला अनेक मालक तयार नसतात.

बेघरांसाठी निवडणूक आयोगाची पद्धत वेगळी आहे. त्यांच्याकडे कागद मागत नाहीत. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री त्या जागी जाऊन माणूस खरोखर तिथे झोपतो का, हे पाहतो. करारनामा नसलेल्या भाडेकरूच्या दारातही त्यानं अशीच प्रत्यक्ष खात्री करून घ्यावी. 1948 च्या निर्णयाशी तेच सुसंगत ठरेल.