मुक्तागिरीच्या वाटेवरील डोंगरतळी

कारंजा (घाडगे) येथून मुक्तागिरीच्या यात्रेस निघालेला श्रावक परतवाड्यास पोहोचला की त्याच्यापुढे दोन वाटा येतात. एक सिद्धक्षेत्राकडे जाते, दुसरी चिखलदऱ्याचा घाट चढते. बावन्न जिनालयांचे आणि साडेतीन कोटी मुनींच्या निर्वाणाचे ते क्षेत्र, पावसाळ्यात मंदिरांच्या मधोमध कोसळणारा तेथील धबधबा, यांविषयी आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. दर्शन आटोपून पुष्कळ कुटुंबे चिखलदऱ्यासही जातात. तेथे 'पॉइंट' पाहिले जातात, छायाचित्रे निघतात, गरम भजी होतात आणि दिवस मावळताच गाड्या उतरू लागतात. जवळच्या गाविलगडावरील तळ्यांकाठी मात्र फारच थोडे लोक थांबतात. वास्तविक आपल्या तालुक्याच्या इतिहासाचा एक धागा त्या गडाशी बांधलेला आहे.

(येथे एक खुलासा. आपले कारंजा घाडग्यांचे. भट्टारकांच्या गाद्यांमुळे व ग्रंथभांडारामुळे जैन जगतात प्रसिद्ध असलेले कारंजा ते लाडांचे, वाशीम जिल्ह्यातील. व्यापाराच्या चिठ्ठ्याही कधी कधी चुकून तिकडे जातात, तेथे यात्रेकरूंचा घोटाळा झाल्यास नवल नाही.)

चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच आहे. हैदराबाद फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने इ. स. १८२३ मध्ये हे ठिकाण 'शोधले' असे पुस्तकांत छापलेले असते. कोरकू व गवळी लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, आणि हाकेच्या अंतरावर शतकानुशतके किल्ला उभा होता, तेव्हा हा शोध कोणाच्या लेखी, हे वाचकांनीच ठरवावे. भीमाने कीचकास मारून येथील दरीत टाकले व भीमकुंडात हात धुतले, म्हणून 'कीचकदरा' आणि त्याचे चिखलदरा, अशी आख्यायिका आहे. पठारावरील वैराट हे उंच स्थळही विराटनगरीशी जोडले जाते. विराटाचा मत्स्यदेश अभ्यासक राजस्थानात, जयपूरजवळच्या बैराट येथे मानतात. तरीही भीमकुंडाच्या कड्यावर उभे राहून खालची दरी पाहिली की ही कथा येथेच का रुजली हे कळते.

देवी पॉइंटची गोष्ट निराळी आहे. खडकाच्या कपारीत देवीचे स्थान असून वरच्या दगडातून पाणी सतत झिरपत असते. काळ्या कठीण खडकाच्या थरांमधील भेगांत पावसाचे पाणी मुरते आणि उताराला वाट मिळेल तेथे बाहेर पडते. येथूनच चंद्रभागा नदी उगम पावते. ही पंढरपूरची चंद्रभागा नव्हे. ही दर्यापुरावरून पूर्णेस मिळते आणि पूर्णा तापीस. म्हणजे देवीच्या माथ्यावरचा थेंब शेवटी अरबी समुद्रात जातो. आपल्या कार नदीचे पाणी वर्धेस मिळून गोदावरीवाटे पूर्वसमुद्रास जाते. अमरावतीच्या बाजारास नित्य जाणारे आपण लोक हे जलविभाजन ओलांडतो, पण त्याची जाणीव क्वचितच होते.

आता गाविलगड. गवळ्यांचा म्हणून गाविल, असे नाव सांगतात. बहमनी सुलतान अहमदशहा याने इ. स. १४२५-२६ च्या सुमारास येथे पक्के बांधकाम केले. पुढे एलिचपूरच्या इमादशाहीत, म्हणजे आजच्या अचलपूरच्या राजवटीत, तो वऱ्हाडचा मुख्य आधार झाला. दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंड व सिंहांची शिल्पे पाहण्याजोगी आहेत. तट कितीही भक्कम असला तरी डोंगरी किल्ला जगतो तो पाण्यावर, आणि गाविलगडच्या बांधणाऱ्यांनी हे नीट ओळखले होते. पठारावरील उतार पाहून, कठीण खडकाचा तळ साधून त्यांनी तलाव केले. त्यांतील एकाचे नाव देवतलाव, दुसऱ्याचे खानतलाव. एकाच तटबंदीत देव आणि खान शेजारी नांदलेले मला तरी फार आवडतात. आज पाणवनस्पतींनी काठ भरलेले दिसतात, तरी आश्विन-कार्तिकात पाण्यात तटाची सावली पडते तेव्हा त्या जागेचे पावित्र्य कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एवढे पाणी असूनही गड गेला. आडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजी झाली व इंग्रजांचा सेनापती ऑर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. दक्षिणेचा कडा दुर्गम, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनने रस्ता नसलेल्या रानातून तोफा ओढत उत्तरेस लबाद्यापर्यंत नेल्या. तोफांचा मारा सुरू झाल्यावर तीन दिवसांत, १५ डिसेंबर रोजी, बाहेरच्या तटास पडलेल्या खिंडारांतून फौज आत शिरली व कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीने शिड्या लावून आतला तट ओलांडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. तळी भरलेलीच राहिली. महिनोन्‌महिने वेढा सोसण्याची ती तजवीज होती, आणि वेढा महिनोन्‌महिने चाललाच नाही.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला व तो निजामाकडे गेला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले मात्र लगतच्या मुलखासह भोसल्यांकडे राहिले, ते १८२२ मध्ये निजामाकडे गेले. त्यामुळे आपले कारंजा नागपूरकरांच्या राज्यात उरले आणि नदीपलीकडचे तिवसे, अमरावती निजामाच्या वऱ्हाडात. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले, नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, आणि दोन्ही प्रांतांचा कारभार १९०३ मध्ये एकत्र करण्यात आला. म्हणजे मुक्तागिरीस जाणारा आपला यात्रेकरू तळेगाव ओलांडून वर्धेच्या पुलावर येतो, तेथे पन्नास वर्षे दोन राज्यांची सीमा होती. आजही नदीच्या पलीकडचा माणूस आपल्याला 'वऱ्हाडी' वाटतो, त्याचे एक कारण या तहात आहे. पुढे १८५८ मध्ये, बंडवाल्यांच्या हाती पडू नये म्हणून, इंग्रजांनी गाविलगडची तटबंदी निकामी केली.

ज्यांना गड पाहावयाचा असेल त्यांनी भर उन्हाळा टाळावा. श्रावणातील धुके मोहक असते, पण त्यात समोरची दरी काय, हातातली काठीही दिसत नाही. कार्तिकी पौर्णिमेस मुक्तागिरीची यात्रा असते, त्यास जोडून एक दिवस ठेवल्यास तळी भरलेली व आकाश मोकळे मिळते. गाळलेले पाणी सोबत न्यावे, अन्न दिवस असतानाच उरकावे आणि तळ्यात काही टाकू नये. दक्षिणेच्या तटावरून अचलपूर-परतवाड्याचा सपाट मुलूख व त्यातून पूर्णेकडे जाणाऱ्या नद्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात.