मानवी अवशेष, संग्रहालयातील : डेक्कन कॉलेज, पुणे

उत्खननांत मिळालेली माणसांची हाडे, दात व दफनकुंभ यांचा पुण्याच्या डेक्कन कॉलेज या अभिमत विद्यापीठात जतन केलेला संग्रह. त्यातील सर्वांत बोलका भाग इनामगावचा (ता. शिरूर, जि. पुणे).

घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावी ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. दोनशेहून अधिक दफने मिळाली. मूल गेले, तर घराच्याच जमिनीत खड्डा घेऊन, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत त्याला ठेवीत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून आडवे पुरीत आणि त्याची पावले घोट्यापासून तोडीत. मेलेला परत चालत येऊ नये, अशी समजूत त्यामागे असावी. एका घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला, चाळिशीच्या आसपासचा पुरुष निघाला. त्याची पावले शाबूत होती.

बीड जिल्ह्यातल्या वाचकाला यात परके काही वाटू नये. तेथे मांजरसुंब्याजवळ कपिलधारला लिंगायत संत मन्मथस्वामींची समाधी आहे. लिंगायत घरांत मृताला आजही बसवून पुरतात, आणि तान्ह्या मुलाला एरवी दहन करणारी घरेही मातीच देतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चालीशी याचे थेट नाते लावता येत नाही. पण त्या मडक्यांमागचे आईबापाचे मन ओळखीचे आहे.

जॉन ल्यूकाच व सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा अहवाल 1986 मध्ये प्रसिद्ध केला. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी पुढे मुलांची हाडे मोजून, जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या उत्तर काळात (इ.स.पू. सुमारे 1000 ते 700) त्यांची वाढ खुंटल्याचे 2011 च्या ग्रंथात मांडले. या उपाशी लेकरांची नोंद दुसऱ्या कुठल्याही साधनात नाही. म्हणून ही हाडे जपणे योग्यच. पण ती माणसे आहेत, नमुने नव्हेत, हे कपाटावरच्या चिठ्ठीतही दिसले पाहिजे. अमेरिकेने मूलनिवासींचे अवशेष परत करण्याचा कायदा 1990 मध्ये केला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने 2020 मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. तेथील नागा पूर्वजांचे अवशेष मायदेशी आणण्यासाठी नागा समाज प्रयत्न करीत आहे. आपल्याकडे अशी चर्चा अजून गावापर्यंत पोहोचलेली नाही. ज्यांच्या शिवारातून हे अवशेष आले, त्यांना ते कोठे व कशासाठी ठेवले आहेत हे मराठीत सांगणे विद्यापीठांचे काम आहे.

गावाचेही एक काम आहे. मराठवाड्यात माळवदावर टाकायला आणि शेतात पसरायला पांढरीची माती नेतात. ही पांढर म्हणजे बहुधा जुन्या वस्तीचे टेकाड. ती खणताना मडक्यासह हाडे लागली, तर खोदणे तेथेच थांबवावे, मडके फोडू नये, हाडे नदीत सोडू नयेत आणि तहसील कार्यालयाला कळवावे.