पगारातून पीएफ कापला, पण खात्यात जमाच नाही? मिहानमधल्या कामगारांनी काय करावे

मिहानमध्ये हाउसकीपिंग, सिक्युरिटीची बरीच कामं ठेकेदारामार्फत चालतात. सॅलरी स्लिपवर बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के पीएफ कापलेला दिसतो, म्हणून घरचे निर्धास्त असतात. आम्ही सांगू, स्लिपवर जाऊ नका, पासबुक बघा. यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या; केवायसी झालेली असेल तर शेवटी किती जमा झाले ते मेसेजने कळतं.

कापलेले पैसे मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. भरले नसतील तर स्लिपा, बँक स्टेटमेंट, गेटपास जपून ठेवा आणि ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर तक्रार टाका, नाहीतर रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात लेखी द्या. पोच घ्याच. ठेकेदार पळाला म्हणून गप्प बसू नका: ज्या कंपनीत तुम्ही राबता, ती मूळ मालक म्हणून जबाबदार असते. तक्रारीत तिचंही नाव लिहा. थकबाकीवर मालकाला व्याज आणि वर नुकसानभरपाईही भरावी लागते. तुमचा हिस्सा कापून न भरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हाही आहे.

नोकरी जाईल ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने जाऊ नका, चार-पाच जण मिळून अर्ज द्या.