शीवची मातृदुग्धपेढी

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे आतडे बाहेरच्या जगासाठी पुरते तयार नसते. त्याची हालचाल मंद असते, दुग्धशर्करा पचवणारे लॅक्टेज अपुरे असते आणि जंतूंना अडवणारे अस्तर कच्चे असते. जन्मताना बाळ गुदमरले, तर शरीर मेंदू व हृदय वाचवण्यासाठी रक्त तिकडे वळवते. आतड्याचा पुरवठा घटतो. आतड्याचा भाग सुजून मृत होण्याच्या विकाराला ‘नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस’ म्हणतात. अकाली जन्मलेल्या बाळांना तो विशेष ग्रासतो आणि अनेकदा जीवघेणा ठरतो.

पावडरच्या दुधाने हा धोका वाढतो. पण आईला दूधच पुरेसे येत नसेल तर? १९०९ साली व्हिएन्नात पहिली मातृदुग्धपेढी निघाली, ती याच अडचणीतून. १९८०च्या दशकात मात्र एचआयव्हीच्या भीतीने पाश्चात्त्य देशांतील अनेक पेढ्या बंद पडल्या. नेमक्या त्याच काळात, १९८९ मध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात पेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लुकास आणि कोल यांचा ९२६ अकाली जन्मलेल्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केवळ पावडरचे दूध मिळालेल्या बाळांत हा विकार, केवळ मानवी दूध मिळालेल्यांच्या तुलनेत, सहा ते दहा पट आढळला. पाश्चरीकृत दानदूधही संरक्षक दिसले.

पाश्चरीकरणात दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवतात. या तापमानाला जीवाणू मरतात, एचआयव्ही निष्क्रिय होतो. पण लॅक्टोफेरिन व प्रतिपिंडेही काही प्रमाणात नष्ट होतात. विशिष्ट शर्करा, म्हणजे ऑलिगोसॅकराइड्स, मात्र बहुतांशी टिकतात. म्हणूनच आईचे स्वतःचे दूध प्रथम, दानदूध त्यानंतर आणि पावडर शेवटी, असा क्रम ठरला.

२०१७ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक रुग्णालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत या केंद्रांना ‘पेढी’ न म्हणता ‘लॅक्टेशन मॅनेजमेंट सेंटर’ म्हटले आहे. दूध साठवणे हे त्यांचे एक काम. प्रत्येक आईला स्वतःच्या बाळाला दूध पाजता यावे म्हणून मदत करणे हे पहिले.