जेसन: मजकुरापासून ऑब्जेक्टपर्यंत



सेल्सफोर्सवर काम करणारे आपण ‘जेसन.डीसीरियलाइझ’ ही एक ओळ लिहून मोकळे होतो. पण तिच्यामागे दहा वर्षांचा इतिहास आहे.

२००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनी बे एरियातल्या एका गॅरेजमधून पहिला जेसन संदेश पाठवला. मजकूर जावास्क्रिप्टसारखाच, म्हणून लोक तो सरळ ‘इव्हॅल’ने चालवत. सोपं खरं, पण पाठवणारा लबाड निघाला तर त्याचा प्रोग्रॅम आपल्या ब्राउझरमध्ये! डिसेंबर २००९ मधल्या एक्मास्क्रिप्ट ५ ने ‘जेसन.पार्स’ दिलं: मजकूर नुसता वाचायचा, चालवायचा नाही.

सेल्सफोर्सच्या एपेक्स भाषेत ही सोय २०११ मध्ये, ‘विंटर १२’ आवृत्तीत आली. इथे आधी क्लास लिहायचा, मग मजकूर त्यात ओतायचा. मात्र क्लासमध्ये नसलेलं फील्ड आलं तर डीसीरियलाइझ ते मुकाट्याने सोडून देतं. नावात एका अक्षराची चूक झाली, की रक्कम ‘नल’! ‘डीसीरियलाइझस्ट्रिक्ट’ मात्र तिथेच अडवतं.

तेव्हा मंडळी, पैशांचा मामला असेल तर कडक मास्तरच बरा!